डाव्या हाताची शेंग

बाजारात त्या मुलीनं ढिगातली मटारची एक शेंग उचलली, डाव्या अंगठ्यानं तिचं पोट फोडलं, नाकाशी नेऊन हुंगली, एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा भाजीवाल्याच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, "आधी तुम्ही खा, मग भाव सांगा." भाजीवाला हसला आणि त्यानं दाणा खाल्ला. शेजारी कांदे निवडत असलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातातला कांदा मात्र तसाच राहिला. आपल्या बायकोशिवाय हे असं करणारं माणूस त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि बायकोला जाऊन वर्ष उलटलं होतं. मुलीनं उजव्या हातानं पैसे दिले, उजव्या हातानं फोनवर कुणाला तरी दोन ओळी लिहिल्या, उजव्याच हातानं पोत्याचं तोंड आवळलं. म्हणजे डावखुरी नव्हतीच ती. त्याची बायको मात्र डावखुरी होती. चमच्यापासून कात्रीपर्यंत सगळं डाव्या हातानं. तिची ती उलटी कात्री अजून घरात खणात पडून होती. त्याला त्या कात्रीनं साधा दोरा कापता येत नव्हता, आणि ती कुणाला देऊन टाकायलाही हात धजत नव्हता.

"पोरी, डावखुरी आहेस का गं तू?" त्यानं विचारलं.

"नाही हो आजोबा. का?"

"शेंग डाव्या हातानं फोडलीस."

मुलीनं स्वतःच्या हातांकडे बघितलं, जणू ते शेजारणीकडून मागून आणले होते. "अय्या, खरंच की. कधी लक्षातच आलं नाही. आमच्या घरात सगळे अशीच फोडतात."

"घरात म्हणजे?"

"आम्ही विद्यार्थी मिळून चालवतो ते घर. सहकारी. विद्यापीठाच्या मागच्या उतारावर जुना साबणाचा कारखाना होता ना, तिथे. मी या महिन्याची सासू आहे." त्याचा चेहरा बघून तिनं लगेच खुलासा केला, "सासू म्हणजे स्वयंपाकघर ज्याच्याकडे तो. दर महिन्याला बदलते. मागच्या महिन्याची सासू सहा फूट उंच होती आणि तिला दाढी होती."

"आणि हे पोतंभर मटार कुणासाठी?"

"उद्या सभा आहे मोठी. घर राहतंय की विकलं जातंय ते ठरायचंय. जुनी माणसंही येणार सगळी."

"सभेत मटार?"

"मग काय, रिकाम्या हातानं बसायचं?" असं म्हणून तिनं पोतं खांद्यावर टाकलं आणि ती गर्दीत मिसळून गेली. उद्या आपल्यालाही तिथे एक हात वर करायचा आहे, हे त्यानं तिला सांगितलं नाही. तो हात विकण्याच्या बाजूनं करायचा ठरवला आहे, हे तर नाहीच.

घरी येऊन त्यानं कांदे टोपलीत ओतले आणि तांदूळ घेतला. नेहमीसारखा दोघांचा घेतला गेला, मग अर्धा परत डब्यात टाकला. वर्षभर हे असंच चाललं होतं. हाताला शहाणपण यायला डोक्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जन्मभर त्यानं शहराची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावरसुद्धा कुणाच्या गाडीत पुढं बसला, की त्याचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबायचा, आणि बायको मागून म्हणायची, "उतरा आता, डेपो आला." त्याच बसमध्ये ती त्याला भेटली होती. विद्यापीठाची मुलगी, हातात पुस्तकं, आणि डोळ्यांत सदा कुठलं तरी भांडण. त्या वर्षी तिला आणि तिच्या मैत्रिणींना एका घरमालकानं ऐन परीक्षेत खोलीबाहेर काढलं होतं. जास्त भाडं देणारा कुणी मिळाला होता, एवढंच कारण. काही पोरी सामान उचलून गावी गेल्या त्या गेल्याच. ती गेली नाही. दहाजणांना गोळा करून, याच्या त्याच्या पाया पडून, तिनं तो बंद पडलेला साबणाचा कारखाना मिळवला. भिंतींना तेव्हा साबणाचा वास होता. ती म्हणायची, "बरंच आहे, घर आधीच धुतलेलं मिळालं." स्वयंपाक, झाडलोट, दुरुस्ती सगळी आपली आपण करायची, म्हणजे राहायला कमी लागतं, मालक कुणी नाही, म्हणजे बाहेर काढणारा कुणी नाही. एवढं साधं गणित होतं. शिक्षण झालं, लग्न झालं, विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत नोकरी लागली, तरी दर रविवारी ती त्या घरी जायची. आणि दर रविवारी त्याची सुट्टी असायची.

त्याला ते घर आवडत नव्हतं. यात आडपडदा कसला? कुणाला सवतीचा राग येतो, त्याला एका इमारतीचा यायचा. "चला की तुम्हीपण," ती म्हणायची. "तिथं सगळी शिकलेली माणसं, मी काय करू?" तो म्हणायचा. "भांडी घासा," ती म्हणायची. तो जायचा नाही. संध्याकाळी ती यायची ती दमून, हसत, कपड्यांना कांद्याचा वास, आणि कुणीतरी पास झालं, कुणी प्रेमात पडलं, कुणाचं पडसं गेलं, असल्या बातम्या घेऊन. तो ऐकायचा आणि मनात म्हणायचा, माझं पडसं कोण बघतं? आजारपणातसुद्धा पाय चालत होते तोवर ती गेली. शेवटच्या रविवारी त्यानं तिला दारातूनच परत फिरवलं. ती पाठ फिरवून खिडकीत जाऊन बसली. वर्षभर तो त्या खिडकीत बसलेल्या पाठीशी भांडत होता. आणि महिन्यापूर्वी उशीरदादाचा फोन आला, तेव्हा त्याला वाटलं, चला, भांडण मिटवायची सोय झाली.

उशीरदादा म्हणजे त्या घरातला जुना विद्यार्थी. जेवायला कायम उशिरा यायचा म्हणून बायकोनंच त्याला ते नाव ठेवलं होतं. आता तो मोठा डॉक्टर होता, त्याच्या दवाखान्यात लोक त्याची वाट बघत बसायचे. "काका," तो फोनवर म्हणाला, "ताईंचं मत आता तुमच्याकडे आलंय. नियमच आहे तसा. जो एकदा तिथे राहिला त्याचं मत मरेपर्यंत, आणि नंतर नवऱ्याचं किंवा बायकोचं. छत गळतंय, पायऱ्या खचल्यात. जागेला गिऱ्हाईक चांगलं आलंय. पोरं काय, कुठंही राहतील. तुम्ही फक्त येऊन हात वर करायचा. भाषण माझ्यावर सोडा." माणूस वाईट नव्हता. आजारपणात रात्री-अपरात्री धावून आला होता, फीचं नावही काढलं नव्हतं. म्हातारा हो म्हणाला. हो म्हणताना त्याला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं नंतर फार वाईट वाटलं. पण शब्द दिला तो दिला. आणि आता ही पोरगी. उजव्या हाताची पोरगी, आणि शेंग फोडते डाव्यानं. तिला कुणीतरी शिकवलं असणार, त्या कुणाला आणखी कुणी, आणि असं मागं मागं जात शेवटी एका डावखुऱ्या बाईशी येऊन ते थांबत असणार, जिला या पोरीनं कधी पाहिलेलं नाही. तो जेवला, ताट धुतलं, आणि तिचा कप उगाचच पुन्हा एकदा धुवून ठेवला. कपावरचं फूल तिनं कप धरला की तिच्या बाजूला यायचं. तो धरायचा तेव्हा समोरच्या भिंतीकडे जायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उतार चढून गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फाटकाशी एक मुलगा जुन्या सायकलची साखळी बसवत होता. त्यानं विचारलं, "कोणाकडे आलात?" बायकोकडे, असं याच्या ओठांवर आलं होतं. "सभेला," तो म्हणाला. आत कारखान्याचा लांबच लांब दालनासारखा खण होता, त्याचं स्वयंपाकघर केलेलं. मधोमध जुन्या दारांच्या फळ्या जोडून केलेलं एकच टेबल, इतकं लांब की त्या टोकाचा माणूस चुलता आहे की मामा, ते या टोकावरून ओळखू येऊ नये. छताच्या एका कोपऱ्याला ओलीचा मोठा डाग, खाली बादली. म्हणजे उशीरदादा खोटं बोलत नव्हता. पण टेबलावर जे होतं ते बघून तो दारातच उभा राहिला. मटारचा ढीग नव्हे, डोंगर होता. डोंगराच्या एका बाजूला कालची मुलगी आणि दुसऱ्या बाजूला सहा फुटी दाढीवाला, दोघंही कमरेवर हात ठेवून.

"सभेची खरेदी माझ्याकडेच होती," दाढीवाला म्हणत होता. "सभा मागच्या महिन्यातच ठरली ना."

"ठरली मागच्या महिन्यात, होतेय या महिन्यात. सासू मी आहे."

"मग मला सांगायचं."

"मी पाटीवर लिहिलं होतं."

"पाटी मीच पुसतो, आणि पुसायच्या आधी कधी वाचलीय मी?"

एक जुन्या बाई, केस पांढरे, पदर खोचलेला, टेबलापाशी बसता बसता म्हणाल्या, "दोन सासवा एका घरात, मग दुसरं काय होणार. हे आज संपायचं नाही बरं का." आणि सगळं टेबल हसलं. पण हसता हसता जुन्या माणसांपैकी काहींनी एकमेकांकडे पाहिलं, कारण घराचा नियम त्यांनाही पाठ होता: टेबलावरचं काम संपल्याशिवाय मत घ्यायचं नाही. घाईघाईत हात वर करून संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, असं ठरवून आलेले लोक होते ते. त्यांनी डोंगराकडे बघितलं आणि निमूटपणे बाह्या सरसावल्या.

कालच्या मुलीनं याला ओळखलं. "अहो आजोबा, तुम्ही?" असं म्हणून तिनं आपल्या शेजारची खुर्ची ओढली. तो बसला. तिनं त्याच्यापुढं शेंगांचा ढीग सारला, उलथनं टेबलावर आपटलं आणि सांगितलं, "सभा सुरू. नव्यांसाठी नियम सांगते. रिकाम्या हातानं बोलायचं नाही. ज्याला बोलायचंय त्यानं आधी दांडा धरायचा, मग बोलायचं."

त्याचा अंगठा शेंगेत होता तो तिथंच थांबला.

"दांडा कसला?" एका नव्या पोरीनं विचारलं.

"तसंच म्हणतात. दांडा धरा, म्हणजे हातात काम घ्या."

"पण दांडा का? मला वाटलं, झाडूचा असेल."

"मला वाटलं पळीचा," दाढीवाला म्हणाला. एकेकजण आपापला दांडा सांगू लागला. कुणी म्हणालं कारखान्याच्या यंत्राचा, कुणी म्हणालं झेंड्याचा. आणि याला तो दिवस आठवला. नवं नवं लग्न, पहिलं भांडण, तो जमिनीवर बसून मटार सोलत होता आणि ती उभी राहून दोन्ही हात हवेत फिरवत बोलत होती. काय भांडण होतं ते आता काही केल्या आठवेना. त्यानं तिच्यापुढं शेंगा सरकवल्या होत्या आणि म्हणाला होता, "आधी दांडा धर. बसमध्ये बघ जरा. मारामाऱ्या करतात ते मोकळ्या हाताचे. दांडा धरलेला माणूस फार तर कुरकुरतो." ती इतकी हसली होती की भांडण तिथंच संपलं. तिनं बसून एक शेंग उचलली होती, डाव्या अंगठ्यानं फोडली होती. मग तो ते विसरून गेला. बस चालवणारा माणूस दिवसभरात असलं शंभरदा बोलतो. ती विसरली नव्हती. पुढच्या रविवारी ते शब्द कांद्याबटाट्यांबरोबर पिशवीत घालून ती इथं घेऊन आली असणार, आणि ते तेव्हापासून या टेबलावर राहत होते, भाडं न देता, त्याच्या नकळत. तो कधी या घरात आला नव्हता असं तो इतकी वर्षं समजत होता.

"बसचा," तो म्हणाला. आवाज खोल गेला होता, म्हणून पुन्हा म्हणाला, "बसचा दांडा. वरचा. उभ्या प्रवाशांनी धरायचा." आणि हातातल्या शेंगा सोलत सोलत त्यानं सगळं सांगितलं. तो कुणाचा कोण तेही. कालची मुलगी सोलायची थांबली, तेव्हा तोच तिला म्हणाला, "हात चालू दे."

एवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि उशीरदादा आला. आला तो बोलतच आला. एक हात खिशात, दुसऱ्यानं छताचा डाग दाखवत. छत, पायऱ्या, गिऱ्हाईक, व्यवहार. "काका, दांडा धरा," कालची मुलगी म्हणाली. तो थबकला. मग हसून बसला, शेंग उचलली. आणि त्याचं बोलणं चालीवरून घसरलं. हात शेंगेत गुंतला की जीभ आपोआप सावकाश होते. दोन दाणे निसटून टेबलावरून घरंगळले, त्यांच्यामागं त्याची नजर गेली. "मुद्दा असा," तो म्हणाला, "की मुलांना राहायला बाहेर काय खोल्या कमी आहेत?"

"आहेत ना," ती मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही, शेंगा सोलतच होती. "मी पहाटे बेकरीत काम करते, मग वर्गात जाते. बाहेरच्या खोलीचं भाडं बेकरीचा मालकसुद्धा भरू शकणार नाही. माझ्या वर्गातल्या दोघी मागच्या वर्षी गेल्या. हुशार होत्या माझ्यापेक्षा. हे घर गेलं तर मी तिसरी."

"आता रडून काय होणार?" उशीरदादा म्हणाला. "छत तरी गळतंच ना?"

"गळतं. मग छत टेबलावर घ्या. पण टेबल विकून छत कसं दुरुस्त होईल?"

पांढऱ्या केसांच्या बाई फसकन हसल्या. टरफलांचा ढीग वाढत गेला. कुणी जुन्या भिंतींबद्दल बोललं, कुणी म्हणालं माझं लग्न याच टेबलावर जमलं, त्यावर कुणी म्हणालं म्हणूनच विकून टाकावं म्हणतो मी. विकण्याच्या बाजूचेही बोलले आणि कुणी त्यांना अडवलं नाही. घाई कुणालाच करता येत नव्हती, कारण डोंगर अजून टेकडीएवढा होता. दोन सासवांच्या चुकीनं सगळ्यांना बसवून ठेवलं होतं. बसलेला माणूस बघतो. उशीरदादा बघत होता. बघता बघता त्याची नजर ओट्यावर गेली. तिथं एक ताट होतं, दुसरं ताट पालथं घालून झाकलेलं.

"ते कुणाचं?"

"कुणाचं असं नाही," दाढीवाला म्हणाला. "रोज एक झाकून ठेवतात. उशिरा येणाऱ्याचं."

"कोण येतं उशिरा?"

"आता कुणी नाही येत. पण ठेवतात. नाही आलं कुणी तर मीच खातो."

उशीरदादानं हातातली शेंग खाली ठेवली. पुन्हा उचलली. याच्याकडे बघितलं. यानं मान हलवली, हो, ही रीत तिचीच, दुसऱ्या कुणाची असणार. शेवटच्या शेंगा संपत आल्या तेव्हा कालच्या मुलीनं ते ताट आणून त्याच्यापुढं ठेवलं आणि वरचं ताट उचललं. "काका, तुम्ही उशिरा आलात," ती म्हणाली. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं. जुनी माणसं खाली बघून हसू दाबत होती. मोठा डॉक्टर हात धुवून आला आणि थंड झालेलं जेवण मुकाट्यानं जेवू लागला.

टेबल मोकळं झालं. पातेली हिरव्या दाण्यांनी शिगोशीग भरली होती. मुलीनं उलथनं आपटलं. "घर विकावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." काही हात वर झाले. वर झाले ते शेजारच्याकडे बघत, आणि शेजारचे बघत होते उशीरदादाकडे. तो जेवत होता.

"दादा, हात," पलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

"उष्टा हात वर करायचा नसतो," उशीरदादा म्हणाला आणि पुढचा घास घेतला. दोन हात खाली आले. मग आणखी एक.

"आता घर राहावं असं ज्यांना वाटतं," मुलगी म्हणाली. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात उठले. टरफलांनी हिरवी झालेली नखं, बांगड्या, घड्याळं, शाईचे डाग. यानंही हात उचलला. उजवा उचलला होता तो मध्येच खाली घेतला आणि डावा वर केला, जमेल तेवढा ताठ.

"काका, डावा का?" पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

"मत तिचं आहे," तो म्हणाला.

मग जो गलका झाला, त्यात कुणी बादली वाजवली, दाढीवाल्यानं या महिन्याच्या सासूला उचलून टेबलावर उभं केलं, आणि तिथं उभी राहून ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. विकायला हात वर केलेल्यांतला एक इंजिनियर बादलीशेजारी उभा राहून वर बघत होता. तो म्हणाला, "हे एवढं काही अवघड नाही. पुढच्या रविवारी शिडी मिळेल का?" एवढ्या मटारचं करायचं काय, ते कुणालाच कळत नव्हतं. शेवटी ज्याच्या हाताला जे भांडं लागलं ते भरून उताराच्या दोन्ही बाजूंच्या घरांत पोचवायला पोरं पळाली. उशीरदादा ताट धुवायला उठला. कुणी नको म्हणालं नाही.

म्हातारा निघायला लागला. त्याचं काम झालं होतं, मत देऊन झालं होतं, आणि छातीत असं काही भरलं होतं की ते घेऊन लवकर घरी जावं आणि रिकाम्या खिडकीला सांगावं असं वाटत होतं. फाटकाशी त्या मुलीनं त्याला गाठलं. तिच्या हातात खडू होता.

"आजोबा, थांबा. मत आहे म्हणजे काम आहे. नुसतं मत देऊन जाता येत नाही इथं. पुढच्या रविवारी काय घेता? झाडणं, निवडणं की भांडी?"

"तिच्याकडे काय असायचं?"

"मला काय माहीत, मी नव्हते ना तेव्हा."

तो उताराकडे बघत उभा राहिला. खाली वळणावर त्याची जुनी बस चढत होती, आत उभ्या माणसांचे हात वरच्या दांड्याला धरलेले.

"भांडी," तो म्हणाला. "मला इतकी वर्षं तेच सांगितलं होतं."